पोर मुद्दाम करत नव्हते

जानेवारी २०१९ मधील एका रविवारची गोष्ट. आमच्या गल्लीतील एक वृद्ध गृहस्थ वारले होते. त्यांच्या घरासमोर मंडप टाकून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता आणि सूत्रसंचालन आमच्याकडे होते. वस्तीत कुणाचे लग्न असो की मयत, माईक फिरून फिरून आमच्याच हातात येतो. दोघा-तिघांची भाषणे झाली. मग आम्ही सर्वांना दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून आदरांजली वाहण्याची विनंती केली. शे-दीडशे माणसे उभी राहिली. मंडपाच्या कनातीचा आवाज तेवढा येत होता.

त्या शांततेत आमचा धाकटा, वय वर्षे साडेनऊ, पहिल्या रांगेत आपल्या आईजवळ उभा होता. आधी त्याने घशातून ‘खुं’ असा आवाज काढला. आम्ही माईकजवळून डोळे वटारले. पुन्हा ‘खुं, खुं’. आम्ही आणखी डोळे वटारले. आणि मग तो मोठ्याने, स्पष्ट, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असे म्हणाला, “मेला!” थांबला, आणि पुन्हा म्हणाला, “मेला!”

दोन मिनिटे पूर्ण व्हायची होती. आम्ही माईक खाली ठेवला, चार पावले चालत गेलो आणि सर्वांदेखत त्याच्या कानशिलात लगावली. पोर रडले नाही. त्याने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले आणि कार्यक्रम संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

घरी आल्यावर आम्ही विचारले, “तुले समजत नाही काय, कुठं काय बोलावं?” तो म्हणाला, “समजते ना बाबा. बोलू नको, बोलू नको म्हटलं का तेच तोंडात येते.” आम्हाला ते उलट उत्तर वाटले. त्या रात्री तो आजीजवळ झोपला.

मुलांना मारू नका, त्यांच्याशी बोला, असे आम्ही पालक मेळाव्यांतून कित्येकदा सांगितले आहे. टाळ्याही घेतल्या आहेत.

या गोष्टीची सुरुवात त्याआधी चार वर्षे झाली होती. २०१५ साली तो पहिलीत असताना डोळे मिचकावू लागला. टी.व्ही. फार पाहतो म्हणून टी.व्ही. बंद केला. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनी नंबर नाही म्हणून सांगितले. दोन-तीन महिन्यांत मिचकावणे आपोआप थांबले आणि मान झटकणे सुरू झाले. ते थांबले, तर खांदा. २०१७ मध्ये घशातला आवाज सुरू झाला तेव्हा खोकल्याच्या औषधाच्या किती बाटल्या आणल्या त्याचा हिशेब आम्ही ठेवला नाही, एरवी सगळ्याचा ठेवतो. एका खाजगी दवाखान्यात मेंदूचा फोटो काढायला लावला, पतसंस्थेतून काढलेले पैसे गेले, आणि फोटो ‘नॉर्मल’ आला. फोटो नॉर्मल म्हणजे पोर ढोंग करते, असा अर्थ आम्हीच काढला. एका नातेवाईक बाईंनी ‘बाहेरचं काही असेल’ म्हणून एका भगताचे नाव सुचवले. त्यांना आमच्या आईने चहासुद्धा विचारला नाही.

ढोंग वाटण्याला आणखी एक कारण होते. शाळेत मास्तरांनी दम दिला की तो तास-दीड तास अगदी गप्प बसायचा. घरी आला, दप्तर टाकले की मात्र अर्धा तास मान, खांदा, घसा यांचा नुसता सपाटा चालायचा. आम्ही म्हणायचो, शाळेत थांबवता येते तर घरी का नाही? मुद्दाम करतो. हे ‘मुद्दाम’ आमच्या घरात चार वर्षे रोज बोलले गेले.

निदान कसे झाले तेही सांगितले पाहिजे, कारण त्यात आमची शोभाच आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही मंडळातर्फे वस्तीत आरोग्य शिबिर भरवले. रक्तदाब, साखर, डोळे. साऱ्या वस्तीला घरोघर जाऊन बोलावले, स्वतःच्या पोराला मात्र खुर्च्या लावायला ठेवले. तपासायला आलेल्यांत एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. पोर त्यांना पाणी द्यायला गेले आणि दोनदा मान झटकली. त्यांनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवला आणि त्याला जवळ बसवून विचारले, “हे येण्याआधी तुला काही जाणवते का?”

पोर म्हणाले, “हो. घशात मुंगी चालते. शिंक येण्याच्या आधी कसं होते, तसं. केलं का मुंगी जाते. मग पुन्हा येते.”

आम्ही मागे उभे होतो. चार वर्षांत हा प्रश्न आम्ही त्याला एकदाही विचारला नव्हता.

त्यांच्या चिठ्ठीवर आम्ही सरकारी दवाखान्याच्या मेंदूविकार विभागात गेलो आणि तिथे आजाराचे नाव कळले, टूरेट सिंड्रोम. आपोआप, पुन्हा पुन्हा, झटक्यासारखी होणारी हालचाल किंवा निघणारा आवाज याला ‘टिक’ म्हणतात. निरनिराळ्या हालचालींच्या टिक्स, त्यांच्या जोडीला आवाजाची निदान एक टिक, हे वर्षाहून अधिक काळ, आणि सुरुवात अठरा वर्षांच्या आत, म्हणजे टूरेट. रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही, साध्या मेंदूच्या फोटोतही नाही. डॉक्टर माणसाकडे पाहून आणि घरच्यांचे ऐकून तो ओळखतात. साधारण शंभर-दोनशे शाळकरी मुलांमागे एकाला तो असतो आणि मुलींपेक्षा मुलांत तीन-चार पट अधिक. बहुधा पाच ते सात वर्षांच्या वयात सुरू होतो, दहा ते बारा या वयात सर्वांत जोर करतो आणि पुष्कळांच्या बाबतीत तारुण्यात उतरतो. सिनेमा पाहणाऱ्यांना राणी मुखर्जीचा २०१८ सालचा ‘हिचकी’ आठवेल, त्यातील शिक्षिकेला हाच आजार आहे. आमच्या सौ.ने तो सिनेमा टी.व्ही.वर पाहिला होता, रडल्याही होत्या, आणि तरी आपल्या घरात तेच चालले आहे हे लक्षात आले नव्हते. शिव्या देणे म्हणजेच टूरेट अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात तसे शब्द दहा रुग्णांत एखाद-दुसऱ्याच्याच तोंडून निघतात.

आता मेंदूत काय होते ते. डॉक्टरांनी बेसल गँग्लिया हे नाव सांगितले, कागदावर चित्र काढले, आणि आम्ही बी.कॉम. झालेला माणूस मान हलवत राहिलो. घरी येऊन वाचले, पुढच्या खेपेस पुन्हा विचारले, तेव्हा आमच्या भाषेत ते असे बसले.

कार्यालयात रोज ढीगभर कागद येतात. आवक नोंदवहीत नोंद होते, टिपणी लिहिली जाते आणि कागद हेडक्लार्कच्या टेबलावर जातो. कोणता कागद साहेबांच्या सहीला पाठवायचा आणि कोणता दप्तरी दाखल करायचा, हे तो पाहतो. चांगला हेडक्लार्क तोच, जो शंभरातले नव्वद कागद अडवतो. मेंदूतही क्षणाक्षणाला हालचालींचे, शब्दांचे, इच्छांचे असे प्रस्ताव निघत असतात. समोरच्या टकलावर टपली मारावी, पुलावरून चप्पल खाली टाकावी, गंभीर बैठकीत भलताच शब्द उच्चारावा, असे तुमच्याआमच्याही मनात येऊन जाते. ते मनात येते आणि तिथेच दप्तरी दाखल होते, म्हणून आपण सभ्य. अडवण्या-सोडण्याचे हे काम मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियात चालते, आणि त्याचा मेंदूच्या वरच्या थराशी सतत पत्रव्यवहार असतो.

या कचेरीत डोपामाइन नावाचे रसायन म्हणजे कागदाला टोचलेली ‘अत्यंत तातडीचे’ अशी लाल चिठ्ठी. ती लागली की कागद पुढे सरकतो. गाबा नावाचे दुसरे रसायन म्हणजे ‘नामंजूर’ हा शेरा. टिक्स असणाऱ्याच्या मेंदूत लाल चिठ्ठ्या नको त्या कागदांना लागतात आणि नामंजूर करणारा हात अपुरा पडतो, असे आजवरच्या संशोधनावरून दिसते. डोपामाइनचा परिणाम अडवणारी औषधे दिली की टिक्स कमी होतात, हा त्याचा एक मोठा पुरावा. दुसरा असा, की टूरेटच्या काही रुग्णांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा याच भागातील आवर घालणाऱ्या काही जातींच्या पेशी इतरांपेक्षा कमी आढळल्या. शिवाय कागद एकदा पुढे गेला, टिक होऊन गेली, की मुंगी जाते आणि बरे वाटते. ते बरे वाटणे हेच मेंदूला बक्षीस. मेंदू शिकतो, पुढच्या वेळी असेच करायचे.

आणि शाळेत थांबते ते? आपण डोळ्यांच्या पापण्या न मिटता किती वेळ राहू शकतो? थोडा वेळ राहतो, नाही असे नाही. पण सारे लक्ष तिथेच जाते. आमचे पोर सहा तास पापण्या न मिटता शाळेत बसत होते आणि वर आम्ही त्याला गणितात कमी गुण का पडले ते विचारत होतो.

आता ‘मेला’ या शब्दाकडे येतो, कारण आमचे मन त्यातच अडकले होते. डॉक्टरांनी सांगितले की टिक्सच्या जोडीने अशा मुलांत पुष्कळदा दुसरेही काही असते. दवाखान्यात येणाऱ्या टूरेटच्या मुलांत अर्ध्याहून अधिकांना अतिचंचलता असते. म्हणजे प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर, गाडी न पाहता रस्त्यावर धाव, मनात आले की हातून झाले. कित्येकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासण्याचा, मोजण्याचा नाद असतो, आणि त्यात सेरोटोनिन या आणखी एका रसायनाचा संबंध लावतात. या सगळ्यांची मुळे मेंदूतील त्याच कचेरीच्या आसपास आहेत. जिथे जे बोलू नये तिथे तेच बोलण्याची ऊर्मी ही तर टूरेटमध्ये चांगली नोंदली गेलेली गोष्ट आहे. जागा जितकी गंभीर तितकी ऊर्मी जोरात. बहुतेक वेळा मुले ती दाबून टाकतात, बाहेर पडते ती थोडी. म्हणजे त्या दिवशी पोराने आम्हाला जे सांगितले होते, “बोलू नको म्हटलं का तेच तोंडात येते”, ते आजाराचे अगदी अचूक वर्णन होते. डॉक्टरांनीही ते त्याच शब्दांत केसपेपरवर लिहून घेतले.

‘मुद्दाम करतो’ हा आरोप फक्त आमच्या घरचा नव्हे. १८२५ साली फ्रान्समध्ये इतार्द नावाच्या डॉक्टराने एका उमराव घराण्यातील स्त्रीची हकिकत लिहिली. ती चारचौघांत अचानक घाणेरडे शब्द बोलून जाई. १८८५ साली पॅरिसच्या जॉर्ज जिल द ला टूरेट याने अशा नऊ रुग्णांचे वर्णन छापले आणि आजाराला त्याचे नाव मिळाले. पण पुढे कित्येक वर्षे मनोविश्लेषणवाले सांगत राहिले की हा मनात दाबलेल्या गोष्टींचा आणि घरातील वळणाचा परिणाम, आणि आई-बाप अपराधी होऊन बसले. १९६१ साली हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक्स कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. १९६८ मध्ये अमेरिकेत शपिरो पती-पत्नींनी अशाच एका रुग्णाची हकिकत मांडून हा मेंदूचा आजार आहे असे ठासून सांगितले. एक गोळी जे करते ते उपदेशाने होत नाही, मग दोष वळणाचा कसा?

पण गोळीचे कौतुक आम्ही बेताने करू. हॅलोपेरिडॉलने टिक्स उतरतात, पण झोप येते, अंग ताठरते, वजन वाढते. म्हणून ते हल्ली सहसा पहिल्यांदा देत नाहीत. आमच्या धाकट्याला क्लोनिडिन सुरू केले. ते नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनावर काम करते आणि टिक्सबरोबर उतावळेपणही थोडे शांत करते. चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, “ही तर बी.पी.ची गोळी आहे, भाऊ. आजीसाठी काय?” खरोखरच ते मुळात रक्तदाबाचे औषध आहे. पहिले काही आठवडे पोर वर्गात पेंगत असे, मग सरावले. ज्यांच्या घरी हे औषध चालू असेल त्यांनी एक ध्यानात ठेवावे. पैसे नाहीत म्हणून किंवा बरे वाटते म्हणून ते एकदम तोडू नये, रक्तदाब उसळतो. बंद करायचे तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

औषधाहून अधिक उपयोग झाला तो एका साध्या शिकवणीचा. २०१० साली अमेरिकेत मुलांवर घेतलेल्या चाचणीत तिचा गुण चांगला दिसून आला होता. दवाखान्यातील मानसोपचारवाल्या बाईंनी ती त्याला शिकवली. मुंगी चालू लागली की लगेच ओळखायची आणि टिकच्या आड येईल असे दुसरे काहीतरी करायचे. घशाच्या आवाजासाठी तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास. मान झटकण्यासाठी हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताठ धरणे. मुंगी आपोआप विरेपर्यंत तसे राहायचे. घरच्यांनी करायचे काम आणखी सोपे होते आणि आम्हाला तेच सर्वांत जड गेले. टिक झाली की काहीच म्हणायचे नाही. ‘थांब’ नाही, ‘हळू’ नाही, डोळे वटारणे नाही. टिककडे लक्ष वेधले की ती वाढते.

मग सगळेच माफ काय? नाही. त्याच वर्षी आमच्या शर्टाच्या खिशातून वीस रुपये गेले. विचारले तर पोर गंभीर चेहरा करून म्हणाले, “बाबा, टिक झाली.” आम्ही म्हटले, खिशात हात घालणे ही टिक असेल कदाचित, पण त्या पैशांची पाणीपुरी खाणे ही टिक नव्हे. तोही हसला, आम्हीही हसलो, आणि पैसे त्याच्या खाऊतून वळते केले. कुठे आजार संपतो आणि कुठे पोरपणा सुरू होतो, याची रेघ दरवेळी नव्याने ओढावी लागते. ती आम्हाला अजूनही कधी कधी चुकीची ओढली जाते. ग्लास भिंतीवर फेकून मारला त्या दिवशी ती कुठे ओढायची ते कळले नाही. आम्ही काचा उचलायला लावल्या, त्याने मुकाट्याने उचलल्या, एवढेच.

शाळेत त्याला वर्गाबाहेर बसवत होते. वस्तीतील निम्म्या लोकांचे अर्ज आमच्या हातचे आहेत, हा आम्ही प्रथमच स्वतःच्या घरासाठी लिहिला. मागच्या बाकावर बसू द्यावे, अनावर झाल्यास पाच मिनिटे न विचारता बाहेर जाऊ द्यावे, आवाजावरून वर्गात बोलू नये. सोबत डॉक्टरांचा दाखला. मुख्याध्यापकांनी तो दोनदा परत केला, तिसऱ्यांदा घेतला. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली तेव्हा मात्र पोर फार खूश होते. आवाज बंद करायचे बटण त्याच्याच हातात होते.

एके दिवशी आई म्हणाली, “तुह्या बाचा खांदा असाच उडत होता.” आम्हाला आठवले. आमचे वडील गिरणीत होते, आणि त्यांचा खांदा उडायचा म्हणून सोबतचे त्यांना ‘मोटार’ म्हणत. चढउतारावर गचके खाते तशी. ते हसून घेत. हा आजार घराण्यातून उतरतो, हेही दवाखान्यात ऐकले होतेच. मग आमच्याकडे काय उतरले? डॉक्टरांनी विचारले तेव्हा आम्ही काही नाही म्हणालो. सौ. बाजूला बसल्या होत्या. म्हणाल्या, “रोज रात्री कुलूप तीनदा पाहतात, ते सांगा. आणि बेरीज.” कार्यालयात आम्ही प्रत्येक बेरीज तीनदा करतो. दोनदा करून उठलो तर जीव लागत नाही. आमचे हिशेब कधी चुकत नाहीत असा लौकिक आहे, आणि त्याचे श्रेय आम्ही आजवर बी.कॉम.ला देत आलो होतो.

पोर आता अकरावीत आहे. आवाज जवळजवळ गेला आहे, परीक्षेच्या दिवसांत तेवढा परततो. मान अजून झटकते. कॅरमवर बसला आणि स्ट्रायकरवर बोट ठेवले की मात्र अंग दगडासारखे स्थिर. मन रमले की टिक्स कमी होतात. अमेरिकेचा माजी गोलरक्षक टिम हॉवर्ड हाही टूरेटचाच. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याने किती चेंडू अडवले ते धाकट्याने मोबाईलवर आम्हाला दोनदा दाखवले आहे.

त्या पुण्यानुमोदनाच्या घरी मात्र आम्ही जात नव्हतो. समोरासमोर आलो तर जयभीम व्हायचा, पण आम्ही थांबत नव्हतो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी धीर करून गेलो आणि वारलेल्या गृहस्थांच्या मुलाला सगळे सांगितले. आजार, मेंदू, डोपामाइन, सगळे. त्या दिवशी पोर जे बोलले त्याबद्दल माफी मागितली.

ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “भाऊ, पोरगं काय बोललं ते तर माह्या ध्यानातही नाही. मी खाली पाहून रडत होतो. तुमच्या थापडेचा आवाज तेवढा आला होता.”

त्यांच्या बाईंनी चहा आणला. घरी आलो तर धाकटा दारातच उभा होता. “काय म्हणाले?” त्याने विचारले. आम्ही जसेच्या तसे सांगितले.